धीराची गाणी

दिवाळी अंकांतून संतवाङ्मयाविषयी दरवर्षी काही ना काही वाचावयास मिळते आणि ते मिळावेच. ज्ञानोबा-तुकोबांच्या आठवणीवाचून मराठी घरातला सण पुरा होत नाही. परंतु मराठी भक्तिगीतांची एक शाखा अशी आहे, की तिच्याकडे आपल्या समीक्षकांची दृष्टी क्वचितच वळते. ही शाखा म्हणजे ख्रिस्ती गीतांची. टिळकांच्या दोन-चार कविता आपण शाळेत शिकतो, शिकवितो आणि तेवढ्यावर आपली जबाबदारी संपली असे समजतो. ही गीते आजही दर रविवारी हजारो मराठी माणसे गातात, त्यांत नवनव्या गीतांची भर पडते आहे, आणि ती गाणाऱ्यांपैकी कितीतरी जण हातावर पोट असलेले, आजाराने गांजलेले, कर्जाने वाकलेले असे असतात, याची आपणांस दखलही नसते.

प्रस्तुत लेखक ख्रिस्ती नाही आणि त्याचे शिक्षणही बेताचेच आहे. पण कादंबऱ्या लिहिणे आणि मुलांना कविता शिकविणे या दोन उद्योगांमुळे त्याला एक प्रश्न नेहमी छळतो : संकटात सापडलेल्या माणसाला गाणे धीर देते, असे आपण सहज म्हणून जातो, पण गाणे नेमके करते तरी काय? पैसे ते देत नाही, औषध देत नाही, गेलेले माणूस परत आणीत नाही. मग ते देते काय? ख्रिस्ती गीतांची जुनी आणि नवी तऱ्हा शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तर या प्रश्नाचे उत्तर थोडेफार हाती लागते, असे मला वाटते.

आरंभ फार मागे, गोमंतकात करावा लागतो. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक १५७९ साली गोव्यास आला, मराठी शिकला, आणि १६१६ साली त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ रोमन अक्षरांत छापला होता, पण त्याची भाषा आणि चाल अस्सल मराठी आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की स्टीफन्सने ओवी निवडली. त्याला लॅटिन येत होते, युरोपातली भारदस्त वृत्ते ठाऊक होती. पण नवख्रिस्ती झालेल्या शेतकऱ्या-कोळ्यांना आपल्या आजीच्या तोंडी ऐकलेल्या चालीतच देवाची कथा ऐकावयाची आहे, हे त्याने ओळखले. धर्म बदलला तरी कान बदलत नाही, हे त्या परदेशी माणसाला चारशे वर्षांपूर्वी कळले होते. पुढल्या अनेकांना ते कळले नाही.

एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी महाराष्ट्रात देवळे बांधली, शाळा काढल्या. आमच्या नागपुरातच स्टीफन हिस्लॉप १८४५ साली आला. त्याच्या नावाचे महाविद्यालय आजही उभे आहे. या काळात उपासनेसाठी जी गीते झाली, त्यांतली पुष्कळशी इंग्रजी गीतांची भाषांतरे होती आणि ती इंग्रजी चालींवरच गावी लागत. त्यांतली अडचण वाचकांच्या ध्यानात यावी म्हणून जरा शाळामास्तराच्या थाटात सांगतो. इंग्रजी गीताची ओळ आघातांवर चालते : कोणत्या अक्षरावर जोर पडतो यावर तिचा सगळा तोल. मराठीत असा ठसठशीत आघात नाही. आपल्याकडे ऱ्हस्व आणि दीर्घ यांचे राज्य. परिणामी इंग्रजी चालीत मराठी शब्द बसवू गेले, की दीर्घ अक्षर घाईने उरकावे लागते आणि ऱ्हस्व अक्षर ओढून ताणून लांबवावे लागते. शब्द ओळखीचे असूनही ते गाताना परके वाटतात. सुखात असलेला माणूस हे हसून सोडून देईल. पण दुःखात असलेल्या माणसाला शब्दांशी झटापट करण्याचे त्राण नसते. त्याच्या ओठांवर गाणे आपण होऊन आले पाहिजे.

ही गाठ सोडविली ती प्रामुख्याने नारायण वामन टिळकांनी. त्यांच्या आधीही अहमदनगरकडे (त्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे) ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा पडली होती आणि कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांची पदे लोकांच्या तोंडी होती. टिळकांनी त्या पायवाटेचा हमरस्ता केला. त्यांच्या आयुष्याचा एक धागा आमच्या नागपूरशी जुळलेला आहे, हे येथील पुष्कळांना ठाऊक नसते. आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने ते काही काळ नागपुरात होते, आणि पुढे राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय गृहस्थाने त्यांच्या हाती ‘नवा करार’ ठेवला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. परंतु आपण ख्रिस्ताजवळ पोचलो ते तुकोबांनी बांधलेल्या पुलावरून, असे ते पुढे मोकळेपणाने सांगत.

हा पूल म्हणजे केवळ विचारांचा नव्हे. तो छंदाचाही पूल आहे. अभंगात आपण अक्षरे मोजतो, मात्रा मोजीत नाही. मोठ्या अभंगाच्या चरणाचे सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चार तुकडे. त्यांतल्या दुसऱ्या-तिसऱ्याचे यमक जुळले, की काम झाले. ऱ्हस्व-दीर्घाचा जाच नाही. गाणाऱ्याने आपल्या श्वासाप्रमाणे अक्षर लांबवावे वा आखडावे. म्हणूनच अभंगात घरातले बोलणे जसेच्या तसे बसते. ज्याला हुंदका आला आहे तोही अभंग म्हणू शकतो, कारण हुंदक्यापुरती जागा त्या छंदातच आहे. टिळकांनी अभंग, ओवी, पदे ही सगळी जुनी भांडी घासूनपुसून वापरात आणली आणि मराठी ख्रिस्ती माणसाला त्याच्या स्वतःच्या गळ्याचे गाणे परत मिळवून दिले. ९ मे १९१९ रोजी ते वारले. पण मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात आजही त्यांच्या रचनांचा वाटा फार मोठा आहे. निकल मॅकनिकल यांनी त्यांच्या काही गीतांची इंग्रजी रूपांतरे केली आणि ती इंग्रजी गीतसंग्रहांत गेली. भाषांतराची गंगा अशी उलटी वाहिल्याची उदाहरणे आपल्याकडे थोडीच!

आता धीराच्या प्रश्नाकडे येऊ. टिळकांच्या गीतांचा खरा कस पाहावयाचा, तर लक्ष्मीबाईंकडे पाहावे. नवऱ्याने धर्म बदलल्यावर या बाईने जे सोसले ते ‘स्मृतिचित्रां’च्या वाचकांना सांगावयास नको. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. पुढे १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. लिहिणे-वाचणे त्या लग्नानंतर शिकल्या. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते, ते पुढे नेण्याचे काम त्यांनी उतारवयात अंगावर घेतले आणि मूळ आरंभाच्या कितीतरी पट लिहून ते पूर्णत्वास नेले. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रां’त हसू आणि आसू एकाच ताटात वाढलेले आहेत. दुःख झाकून ठेवावे असे या बाईंना कधी वाटलेच नाही. आणि देवावरची श्रद्धा दाखविण्यासाठी दुःख नाकारलेच पाहिजे, असेही वाटले नाही. ज्या परंपरेतून त्या आल्या तिने त्यांना हेच शिकविले होते. दुष्काळात बायको आणि मुलगा गमावलेले तुकोबा विठोबाशी भांडतात, रुसतात, त्याला दूषणे देतात, आणि तरीही त्याच्याच दारात बसून राहतात. भक्ताने देवापाशी गाऱ्हाणे मांडावे, यात आपल्या माणसाला कधी पाप वाटले नाही.

गंमत अशी, की मूळ पवित्र शास्त्रही हेच सांगते. बायबलातल्या स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रे आहेत, आणि त्यांतली ढोबळ मानाने एक तृतीयांश तरी विलापाची आहेत. बहुतेकांत तक्रारीनंतर शेवटी आशेचा किरण दिसतो. पण अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रात तोही नाही, ते अंधारातच संपते. ज्यांनी हा संग्रह सिद्ध केला त्यांनी ते गाळले नाही. मला या गोष्टीचे फार मोल वाटते. ज्या रात्री माणसाला प्रकाशाचा शब्ददेखील सोसत नाही, त्या रात्रीसाठीही एक स्तोत्र राखून ठेवलेले आहे. खुद्द येशूने क्रूसावर बाविसाव्या स्तोत्राचा पहिला टाहो उच्चारला, असे शुभवर्तमानकार सांगतात. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात फिलिप्पैच्या तुरुंगात पाय खोड्यांत अडकविलेले पौल आणि सीला मध्यरात्री गाणी गातात, आणि बाकीचे कैदी ऐकत असतात, असा प्रसंग आहे. भूकंप त्यानंतर झाला, दारे त्यानंतर उघडली. गाणे आधी झाले, दार बंद असताना. धीराच्या गाण्याची याहून चांगली व्याख्या मला करता येणार नाही.

या मापाने आजची गीते मोजून पाहू.

पेटी-तबला आणि टाळ यांच्या जोडीला, पुष्कळ ठिकाणी त्यांच्या जागी, आता गिटार, कीबोर्ड आणि ड्रम आले आहेत. गीतपुस्तकाऐवजी पडद्यावर शब्द उमटतात. आठवडाभर तीच गाणी मोबाइलवर ऐकली जातात. या तऱ्हेचा उगम अमेरिकेत, १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तरुणांत जी धार्मिक लाट आली तिच्यात आहे. लॅरी नॉर्मनची १९६९ ची ध्वनिमुद्रिका या संगीताचा एक आरंभबिंदू मानली जाते. पुढे ऑस्ट्रेलियातून डार्लीन चेक यांचे ‘शाउट टू द लॉर्ड’ १९९३ नंतर जगभर पसरले. या गाण्यांच्या चाली, त्यांची हिंदी-मराठी रूपांतरे आणि त्याच धर्तीची स्वतंत्र मराठी गीते आज नागपूर-मुंबई-पुण्यापासून लहान गावांतल्या खोलीवजा प्रार्थनागृहांपर्यंत ऐकू येतात.

जुन्या पिढीतले काही जण यावर नाक मुरडतात. मला त्यांचे पटत नाही. वाद्य बदलले म्हणून भक्ती बाटत नाही. टिळकांनी कीर्तनाची धाटणी उपासनेत आणली तेव्हाही ‘हे हिंदूंचे, हे आपल्याकडे कशाला’ असे वाटणारे असतीलच. शिकागोचा टॉमस डॉर्सी हा निग्रो भक्तिसंगीताचा पितामह. तो आधी ब्लूज या करमणुकीच्या, काहीशा बदनाम संगीतात वाजवीत असे, आणि ती धाटणी त्याने चर्चमध्ये आणली तेव्हा कित्येक चर्चांनी त्याला दार बंद केले. १९३२ साली तो एका सभेसाठी सेंट लुईसला गेलेला असताना, बायको बाळंतपणात वारल्याची तार त्याला मिळाली. मागोमाग मूलही गेले. त्या दुःखातून त्याने ‘प्रेशस लॉर्ड’ हे गीत रचले. मार्टिन लूथर किंग यांचे ते आवडते गीत होते, आणि १९६८ मध्ये त्यांच्या अंत्यविधीच्या वेळी महालिया जॅक्सन यांनी ते गायिले. बदनाम चालीतून असे गीत निघू शकते. म्हणून चालीवरून गाण्याची जात ठरवू नये.

नव्या गीतांचे गुणही उघड आहेत. शब्द थोडे आणि सोपे; निरक्षर माणूस दुसऱ्या फेरीला गाऊ लागतो. तेच चरण पुनःपुन्हा येतात म्हणून त्यांना हसणाऱ्यांनी आपल्या नामस्मरणाची आणि भजनातल्या धृपदाची आठवण ठेवावी. पुनरुक्तीने विचार थांबतो आणि श्वास लागी लागतो. दहा जणांचा श्वास एका लयीत आला, की एकट्याचे ओझे त्या दहांत थोडेसे वाटले जाते. बोलताना ज्याचा गळा दाटतो तोही घोळक्यात गाऊन जातो, कारण त्याचा आवाज थांबला तरी गाणे थांबत नाही. शेजारचा ते पुढे नेतो. गाणे धीर देते म्हणजे काय, याचे निम्मे उत्तर येथे आहे. ते माणसाला एकटे राहू देत नाही.

उरलेले निम्मे उत्तर मात्र शब्दांत आहे, आणि तेथे आजची पुष्कळशी मराठी गीते कमी पडतात, असे खेदाने म्हणावे लागते.

आमची वाडी अमरावती रस्त्यावरची. मालमोटारी, गोदामे, हमाल, दारूगोळ्याच्या कारखान्यातले कामगार, बाहेरून पोटासाठी आलेली माणसे असा येथला संसार. मागे ओळखीच्या एका कुटुंबात कर्ता माणूस ओझ्याखाली सापडून अंथरुणाला खिळला. त्यांच्या घरी मंडळीची प्रार्थना होती, शेजारधर्म म्हणून मीही जाऊन बसलो. तरुण मुलांनी मोठ्या उमेदीने नवी गाणी म्हटली. सगळी विजयाची : शत्रू पळाला, साखळ्या तुटल्या, आजार हरला. मुलांचा भाव खरा होता, त्यात शंका नाही. पण त्या माणसाची बायको मान खाली घालून गप्प बसली होती. मग एका म्हातारीने पेटी नाही, तबला नाही, नुसत्या टाळीवर टिळकांचे एक जुने पद धरले. त्यात देवाजवळ बसून राहण्यापलीकडे काही मागणे नव्हते. तिसऱ्या ओळीला त्या बाईने मान वर केली आणि ती गाऊ लागली.

मी त्या मुलांना दोष देत नाही. दोष गीतांच्या एकांगीपणाचा आहे. जे गीत फक्त जिंकल्याचे सांगते ते न जिंकलेल्या माणसाला बाहेर उभे करते. एवढ्यावरच ते थांबत नाही. ‘सर्वांना मिळाले, मला का नाही? माझाच विश्वास तोकडा पडला असेल’ असा काटा ते त्याच्या मनात रुतवून जाते. मूळच्या दुःखावर हे अपराधाचे दुसरे ओझे. धीर देण्यासाठी रचलेल्या गाण्याने असे व्हावे, यापरते दुर्दैव कोणते? कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला, नापास झालेल्या पोराला, मूल गमावलेल्या आईला आपले दुःख उच्चारण्यासाठी गाण्यात चार ओळीसुद्धा मिळू नयेत?

हा दोष नव्या तऱ्हेचा अटळ दोष आहे, असेही नाही. ज्या पाश्चात्त्य गीतकारांचे अनुकरण आपल्याकडे होते, त्यांच्यातल्या चांगल्यांनी तो टाळला आहे. मॅट रेडमन आणि त्यांच्या पत्नी बेथ यांचे २००२ च्या सुमाराचे ‘ब्लेस्ड बी युअर नेम’ हे ईयोबाच्या कथेतून आलेले आहे : मिळाले तेव्हा आणि हिरावले गेले तेव्हाही देवाचे नाव घ्यावे, असा त्याचा आशय. बार्ट मिलार्डचे ‘आय कॅन ओन्ली इमॅजिन’ वडिलांच्या कर्करोगाने झालेल्या मृत्यूनंतरच्या विचारांतून उगवले. २०१८ साली त्यावर चित्रपटही निघाला. या गाण्यांत गिटारही आहे आणि गाऱ्हाणेही. आपल्याकडे आणताना मात्र आपण गिटार आणले आणि गाऱ्हाणे पुष्कळदा तेथेच ठेवून आलो.

दुसरी उणीव भाषेची. भाषांतरित गीतांतून आणि त्यांच्या धर्तीच्या स्वतंत्र गीतांतूनही एक ठरावीक शब्दभांडार तयार झाले आहे. त्यात हिंदीची सरमिसळ असते, आणि क्रियापदे मराठी माणसाच्या तोंडी नसलेल्या जागी बसतात. जात्यावर, शेतात, कारखान्यात, दवाखान्याच्या रांगेत जी मराठी बोलली जाते ती या गीतांत दिसत नाही. आमच्या वऱ्हाडी-नागपुरी बोलीचा तर वासही नाही. स्टीफन्सला जे कळले होते ते आज आपल्याच मुलांना सांगावे लागते. १९७० साली २९ नोव्हेंबरला याच नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली. वेगवेगळ्या परंपरा एका छताखाली येऊ शकतात, हे ज्या शहराने पाहिले आहे, तेथे टाळ आणि गिटार एका गाण्यात नांदू नयेत, असे का व्हावे? अहमदनगरच्या ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेल्या शाहू मोडकांनी १९४० साली पडद्यावर ज्ञानेश्वर उभे केले, आणि अवघ्या महाराष्ट्राने त्यांना हात जोडले. आपल्या मातीत असल्या सोयरिकी नव्या नाहीत.

तेव्हा नव्या गीतकारांकडे एक वाचक म्हणून माझे मागणे फार नाही. त्यांनी आपली वाद्ये ठेवावीत, उमेद ठेवावी, साधे शब्द ठेवावेत. पण दर दहा विजयगीतांमागे दोन तरी गाणी अशी रचावीत, की जी दार बंद असतानाच्या घटकेची असतील. अभंगाचा छंद त्यांच्या हाताशी आहे. त्याला नवी चाल लावावयास कोणाची मनाई नाही. आपल्या आईच्या, शेजारणीच्या, कामावरच्या सोबत्याच्या तोंडचा शब्द त्यांनी बिनदिक्कत गाण्यात घ्यावा. आशा सांगू नये असे मी म्हणत नाही. आशा हा तर या श्रद्धेचा प्राण. पण आधी दुःखाशेजारी बसावे आणि मग आशा सांगावी, म्हणजे ती ऐकू जाते.

आणि आपण ख्रिस्तेतर वाचकांनी काय करावे? नाताळात गावातल्या देवळातून गाण्याचा आवाज आला, तर तो ‘त्यांचा’ कार्यक्रम म्हणून पुढे न जाता क्षणभर थांबावे. शब्द नीट ऐकावेत. त्यांत तुकोबांचा सूर कोठे लागतो आणि कोठे हरवतो, हे आपल्याला सहज कळेल; कारण तो सूर आपल्याही घरचा आहे.